ताळेबंद दिसतो, किर्द दिसत नाही : ‘मायनेता’ या संकेतस्थळाचे परीक्षण

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी एकतीस वर्षे गेली. त्या कामाने लावलेली एक खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कोणताही आर्थिक कागद हातात आला की मी रकमा पाहण्याआधी ‘निरंक’, म्हणजे ‘काहीही नाही’, असे कुठे कुठे लिहिले आहे ते पाहतो. रकमेत चूक असेल तर ती पुढच्या वर्षी दुरुस्त होते; परंतु जिथे काहीतरी असायलाच हवे तिथे ‘निरंक’ लिहिलेले दिसले, तर तिथे बोट ठेवून थांबावे, असे माझे पहिले वरिष्ठ सांगत असत. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ‘मायनेता’ हे संकेतस्थळ मी रोज उघडू लागलो, तेव्हा ही खोड फार उपयोगी पडली. तेव्हापासूनच्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे.

ज्यांनी हे संकेतस्थळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मध्ये एक शपथपत्र देतो. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, त्याची व कुटुंबीयांची मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचा तपशील असतो. ही शपथपत्रे निवडणूक आयोग आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था, जिला सगळे एडीआर म्हणतात, ती शपथपत्रे वाचते, त्यातील माहिती तक्त्यांत भरते आणि ‘मायनेता’वर कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशी ठेवते. अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. उमेदवाराची ही माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्या निकालाला वळसा घालणारी दुरुस्ती संसदेने केली आणि १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तीही रद्द ठरवली. म्हणजे या संकेतस्थळावर आपण जे पाहतो ते सरकारने आपण होऊन दिलेले नाही. ते न्यायालयातून भांडून मिळवलेले आहे, हे वापरताना ध्यानात असावे.

मूळ शपथपत्र ज्याने वाचायचा प्रयत्न केला असेल त्याला या संकेतस्थळाची किंमत लगेच कळेल. मुद्रांक कागदावर टंकलेले, प्रत्येक पानावर नोटरीचा गोल शिक्का आणि त्या शिक्क्याखाली नेमकी हवी ती रक्कम झाकलेली, कधी पान तिरके स्कॅन झालेले, कधी गट क्रमांकांची यादी पुढच्या तीन पानांवर वाहत गेलेली, असा तो ऐवज असतो. ‘मायनेता’वर तेच सारे एका पानात येते. वरती नाव, मतदारसंघ, पक्ष, वय आणि व्यवसाय. त्याखाली खटल्यांची संख्या आणि एकूण मालमत्ता व देणी. पुढे प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न. मग जंगम मालमत्तेचा तक्ता, ज्यात स्वतः, जोडीदार, एकत्र कुटुंब आणि अवलंबित यांचे रकाने वेगवेगळे असतात. हातातली रोकड, बँकेतील ठेवी, शेअर, विमा, दिलेली हातउसनी कर्जे, वाहने, दागिने अशा ओळी एकाखाली एक लागलेल्या असतात. ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला हा तक्ता पाच मिनिटांत बोलू लागतो. पतीच्या नावावर एकही चारचाकी नाही, पत्नीच्या नावावर मात्र तीन आहेत आणि पत्नीचा व्यवसाय ‘गृहिणी’ आहे. किंवा मोठे कर्ज बँकेचे नसून व्यक्तींकडून घेतलेले आहे आणि त्या व्यक्तींपैकी दोघांचे आडनाव उमेदवाराचेच आहे. यातले काहीही बेकायदेशीर नसते. परंतु प्रश्न विचारायचा झाला तर कुठून सुरुवात करावी, ते समजते.

मला सर्वाधिक आवडलेली सोय म्हणजे एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या निवडणुकांतील आकडे शेजारी शेजारी पाहता येणे. एकट्या वर्षाचा ताळेबंद पाहून लेखापरीक्षक कधीही मत बनवत नाही. मागील वर्षाचा रकाना शेजारी असावाच लागतो. घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शाह यांनी २०२४ मध्ये सुमारे ३,३८३ कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली. २०१९ मध्ये तोच आकडा ५०० कोटींच्या घरात होता. अशी वाढ दिसली की वाचक लगेच निष्कर्षाला येतो, आणि तिथेच थोडे आवरायला हवे, कारण ज्याची संपत्ती मुख्यतः शेअरच्या रूपात असते तिचा आकडा बाजारभावाबरोबर फुगतो आणि आटतो. आकड्याची वाढ हा आरोप नव्हे. तो का वाढला, हा प्रश्न विचारायला मात्र हरकत नाही, आणि मायनेता तेवढी मुभा देते. एकूण चित्रही बोलके आहे. एडीआरने २०२४ च्या २८८ विजेत्यांपैकी २८६ जणांची शपथपत्रे तपासली, त्यांत २७७ जण कोट्यधीश निघाले आणि सरासरी मालमत्ता ४३ कोटींच्या वर गेली. २०१९ मध्ये ही सरासरी २२ कोटींच्या आसपास होती. ज्या राज्यात एवढ्या मोठ्या संख्येने शेतकरी आणि मजूर राहतात, त्या राज्याच्या सभागृहात कोट्यधीश नसलेले आमदार दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

आता ‘निरंक’कडे येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालानंतर नमुना २६ मध्ये उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी किंवा सार्वजनिक कंपन्यांशी असलेले करार यांसाठी स्वतंत्र रकाने आले. उमेदवार स्वतः, जोडीदार, अवलंबित, तसेच त्यांची भागीदारी असलेल्या संस्था आणि त्यांचा वाटा असलेल्या खासगी कंपन्या यांचे करार तेथे लिहायचे असतात. मायनेताच्या पानावर हा तक्ता अगदी शेवटी, बरेच खाली गेल्यावर दिसतो, आणि माझ्या मते संपूर्ण पानातील तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण राजकारणातील पैसा आणि सरकारचा निर्णय यांची गाठ जिथे पडते ती जागा तीच आहे. मी आमच्या विभागातील जी काही पाने चाळली, त्यांपैकी बहुतेकांत या तक्त्याच्या सर्व ओळींत ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असेच होते. ते खोटे असेल असे मी म्हणत नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडच्या सत्तेचा मोठा भाग मालकीत नसतोच. साखर कारखाना, शिक्षण संस्था, दूध संघ, पतसंस्था, सूतगिरणी यांपैकी कशाचीही मालकी अध्यक्षाकडे नसते. कारखाना सभासदांचा असतो, संस्था विश्वस्त मंडळाची असते. पण किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ही किल्ली मालमत्ता नव्हे, म्हणून ती शपथपत्रात येत नाही, म्हणून मायनेतावरही येत नाही. कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकारची थकहमी मिळावी यासाठी कोणी कोणाकडे शब्द टाकला, कोणती फाईल कोणाच्या सांगण्यावरून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात, पोहोचली, याची नोंद कुठल्याच नमुन्यात करायची नसते.

इंग्रजीत ज्याला लॉबिंग म्हणतात तो प्रकार आपल्याकडे ‘वजन वापरणे’ आणि ‘शब्द टाकणे’ या दोन क्रियापदांत उरकतो. अमेरिकेतील सर्व राज्यांत लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. तेथील व्यवहार त्यामुळे स्वच्छ झाला असे मुळीच नाही, परंतु कोणी कोणासाठी बोलायला आले होते, याचा किमान एक कागद राहतो. भारतात असा कायदा नाही. ओडिशाचे तत्कालीन खासदार कलिकेश सिंह देव यांनी २०१३ मध्ये यासंबंधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. जी नोंदच अस्तित्वात नाही ती दाखवली नाही म्हणून मायनेताला दोष देता येणार नाही. पण येथे नाव टाकले की नेत्याचे सगळे हितसंबंध उलगडतील, अशा अपेक्षेने कोणी येत असेल तर त्याने ती अपेक्षा आधीच खाली ठेवावी.

निवडणूक खर्चाच्या बाबतीत हीच मर्यादा अधिक ठळकपणे जाणवते. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख आणि गोव्यात २८ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. ही मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पक्षाने करावयाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही, आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा, हेलिकॉप्टरसह, खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. उमेदवाराने निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. हा हिशेब कसा असतो ते पाहावे म्हणून मी एका जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो होतो. निवडणूक संचालन नियमांच्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणालाही हा हिशेब पाहता येतो, हे मी सोबत नेलेल्या नियमाच्या प्रतीवर खूण करून दाखवले. समोरच्या तरुण लिपिकाने नियम दोनदा वाचला, नाण्याकडे पाहिले आणि अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, “काका, हा रुपया कुठल्या लेखाशीर्षाखाली जमा करू, तेवढे सांगता का?” त्याच्या त्या प्रश्नाबद्दल मला आदरच वाटला. लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातले खाते, सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, आणि चार वाजता नोंदवही समोर आली.

त्या नोंदवहीची रचना मला मनापासून आवडली. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. म्हणजे आमच्या किर्दीचीच, रोजच्या जमाखर्चाच्या वहीचीच, तीन रंगांतली आवृत्ती. चहा, नाश्ता, खुर्च्या, मंडप, ध्वनिक्षेपक, भाड्याची वाहने यांचे दर जिल्हा प्रशासनाने आधी ठरवून दिलेले असतात आणि त्याच दराने नोंद होते. शिवाय निवडणूक यंत्रणेची पथके सभांचे चित्रीकरण करून स्वतःची एक छाया नोंदवही ठेवतात आणि ती उमेदवाराच्या नोंदवहीशी ताडून पाहतात. कागदावर यापेक्षा चांगली पद्धत मला सुचणार नाही. तरीही ती वही वाचताना, त्या मतदारसंघात पंधरा दिवस मी जे डोळ्यांनी पाहिले होते ते आणि हे एकाच निवडणुकीबद्दल असावे, यावर विश्वास बसेना. एका मोठ्या सभेच्या दिवशी खुर्च्या इतक्या कमी की लोक उभेच राहिले असावेत, आणि चहा मात्र खुर्च्यांच्या दीडपट. ज्याने ही वही लिहिली त्याने खुर्च्या कापल्या आणि चहा कापायला विसरला, असे मला वाटले; अशा विसरण्यावरच आमचे सारे आयुष्य गेले.

हे काही नवे नाही. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपले आठ कोटी खर्च झाल्याचे सांगून टाकले, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली होती. त्या वेळी मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांनी सादर केलेला हिशेब १९ लाख ३६ हजारांच्या आसपास होता. आयोगाने त्यांना नोटीस दिली. मला त्या प्रसंगातील खर्चापेक्षा त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचेच अधिक आश्चर्य वाटले होते. भोकर मतदारसंघातील २००९ च्या निवडणुकीवरून अशोक चव्हाण यांच्या खर्चाचा, म्हणजे मुख्यतः वृत्तपत्रांतील पुरवण्या ही बातमी की जाहिरात याचा, वाद तर पाच वर्षे चालला. आयोगाचा निर्णय त्यांच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मायनेतावर उमेदवाराचे नाव काढल्यावर अशा प्रकरणांचा धागा हाती लागत नाही. तेथे मालमत्तेचा ताळेबंद आहे. पैसा कोणत्या दिवशी, कोणाकडून आला आणि कुठे गेला ही किर्द नाही. खर्चाच्या हिशेबांवर एडीआर स्वतंत्र अहवाल काढते, ते वाचण्यासारखे असतात, परंतु ते अहवाल म्हणून वाचावे लागतात. उमेदवाराच्या पानाशी त्यांची सांधेजोड व्हायला हवी होती.

पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांचा विभाग मायनेतावर वेगळा आहे आणि तो बहुधा सर्वांत कमी पाहिला जात असावा. वीस हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी देणाऱ्यांची नावे पक्षांनी दरवर्षी आयोगाला कळवायची असतात. त्या याद्या येथे पक्षनिहाय पाहता येतात. देणगीदार कंपनी असेल तर तिचे नाव, रक्कम, पक्ष असा सरळ तक्ता मिळतो. निवडणूक न्यास, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, यांच्यामार्फत आलेल्या पैशाची अडचण अशी की न्यासाला कोणी दिले आणि न्यासाने कोणाला दिले, या दोन याद्या मिळतात, पण देणारे अनेक आणि घेणारे अनेक असले म्हणजे कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे मधल्या मध्ये विरघळते.

निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायच्या रोख्यांच्या, बाबतीत तर हे विरघळणे कायद्यानेच केले होते. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एडीआरच्याच याचिकेवर रद्द केली, आणि १४ मार्चला आयोगाने ७६३ पानांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यात रोखे विकत घेणाऱ्यांची यादी वेगळी, ते वटवणाऱ्या पक्षांची यादी वेगळी होती. दोन्ही जोडणारे क्रमांक २१ मार्चला आले. त्या आठवड्यात माझ्यासारख्या कितीतरी निवृत्त माणसांनी रात्री जागून एक्सेलमध्ये याद्या जुळवल्या असतील. वटवणाऱ्यांत भाजप, तृणमूल काँग्रेस, काँग्रेस हे मोठे पक्ष होतेच, पण शिवसेना आणि राष्ट्रवादीही होते, आणि गोव्यातील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व गोवा फॉरवर्ड यांसारखे छोटे पक्षही होते. गंमत अशी की राज्याच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला या छोट्या पक्षांच्याच नोंदी अधिक उपयोगी पडतात. गोव्यातील पक्षाला गोव्यातील उद्योजकाने काही दिले तर ते कोणत्या राज्याच्या निर्णयांसाठी असू शकेल, याचा अंदाज तरी करता येतो. राष्ट्रीय पक्षाला दिल्लीत मिळालेल्या शंभर कोटींपैकी किती पुण्यात उतरले आणि किती पाटण्यात, हे देणगीच्या यादीवरून कळण्याचा मार्ग नाही. विधानसभा निवडणुकीनंतर पक्षांनी ७५ दिवसांत खर्चाचे विवरण द्यायचे असते. तेवढाच एक कवडसा.

संकेतस्थळाविषयी दोन-तीन बारीक सूचना. त्याची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे. मराठी माणसाने मराठीत लिहून दिलेले शपथपत्र इंग्रजी तक्त्यात वाचताना ‘गट नंबर’, ‘बागायत’, ‘जिरायत’, ‘वडिलोपार्जित’ या शब्दांची चव आणि कधी कधी अर्थही पातळ होतो. नाव शोधताना रोमन स्पेलिंगचे दोन-तीन पर्याय करून पाहावेत, आणि नुसते ‘पाटील’ लिहून शोधू नये. त्यापेक्षा मतदारसंघावरून गेलेले बरे. ज्या आकड्याविषयी शंका येईल तो मूळ शपथपत्राशी ताडून पाहावा, असे स्वतः संस्थाही सांगते, आणि मी तर म्हणेन की शंका नसेल तरीही एक-दोन आकडे ताडून पाहावेत. आम्ही याला नमुना तपासणी म्हणत असू.

सहकारी संस्थांना आम्ही अ, ब, क, ड असे वर्ग देत असू, आणि चांदण्यांपेक्षा मला तेच सुचते. मायनेताला मी ‘अ’ वर्ग देतो. उपलब्ध कागदांतून जेवढे काढता येईल तेवढे त्यांनी काढले आहे आणि त्यासाठी एक पैसाही मागितलेला नाही. ते ज्यावर उभे आहे त्या नमुना २६ ला ‘ब’. उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवहीला, तिच्या तीन रंगांविषयी मला कितीही प्रेम असले तरी, ‘ड’. त्या जिल्ह्याच्या कार्यालयाने मला एक रुपयाची पावती अखेर दिली. लेखाशीर्षाची जागा त्यावर कोरीच आहे.